उजव्या डोळ्याची पापणी

मी भित्रा होतो, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. आमचं घर हुबळीच्या नवनगरात. अप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे, आणि त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा रोज संध्याकाळी विद्यानगरातल्या एका हॉलमध्ये गुद्दे, लाथा आणि कुस्ती असं सगळं एकत्र शिकायला जायचा. दोन हजार सात-आठचा काळ असेल. मिक्स्ड मार्शल आर्ट्स हे नाव आमच्याकडे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आई शेजारणींना सरळ ‘कराटे’ म्हणून सांगायची. मी तिथं गेलो तोच मुळी अंगातली भीती घालवायला. तीन वर्षांत दंड भरले, दम वाढला, पण चटईवर पाय ठेवताना भीती वाटायची ती वाटायचीच. जाता-येता उणकलच्या तळ्याजवळ एक लहानसं दत्ताचं देऊळ लागे. तिथं हात जोडून मी एकच मागणं मागायचो, महाराज, एवढी भीती काढून घ्या. ती काही गेली नाही. पुढे पुढे मला वाटू लागलं की आपलं बोलणं तिथं पोचतच नसावं.

अशातच हुबळीत सामने ठरले. बेळगाव आणि गोव्याकडचे लढवय्ये येणार होते आणि हॉलमध्ये आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी माझं नाव दिलं होतं. दहा दिवस राहिले असताना माझा सरावातला जोडीदार बसू याने मागून माझ्या गळ्याभोवती हात आवळला. आमच्यात नियम साधा होता. सहन झालं नाही की तळहाताने दोनदा थोपटायचं, समोरचा लगेच सोडतो. त्यात कमीपणा काही नसतो. पण त्या दिवशी सर बघत होते आणि मला वाटलं, आज थोपटलं तर आपण भितो हे सगळ्यांना कळेल. मी थोपटलं नाही. मान पिळवटून सुटायला बघितलं, डोळ्यांपुढे काळोख आला, आणि शुद्धीवर आलो तेव्हा बसू माझे गाल चोळत होता. सगळं मिळून काही सेकंदांचा प्रकार. मी हसून उठलो, पाणी प्यायलो आणि काही झालं नाही असं सांगितलं.

पण झालं होतं. दुसऱ्या दिवसापासून मानेची उजवी बाजू दुखू लागली आणि त्याच बाजूने डोळ्यामागे ठणका लागला. असं दुखणं मला कधीच झालं नव्हतं. मी आईला सांगितलं नाही, सरांनाही नाही. भीतीची खरी गंमत अशी की माणूस लहान भीती लपवायला मोठी भीती पोटात घेऊन फिरतो. रोज सकाळी उठल्यावर मी आधी हातपाय हलवून बघायचो. का बघतो, ते स्वतःलाही विचारायचो नाही.

सामन्याचा रविवार उजाडला. लढत दुपारी होती. सकाळी मी बॅग घेऊन निघालो आणि उणकलला उतरलो. देवळात पुजाऱ्यांशिवाय कुणी नव्हतं. मूर्तीपुढे उभा राहिलो तर शब्दच सुचेनात. शेवटी एवढंच म्हणालो, मला कळत नाही, तुम्हीच बघा. तसं मी आधी कधी म्हटलं नव्हतं.

बाहेर येऊन पायरीवर बूट घालत होतो. धारवाडला जाणारी एक बस रस्त्यात बंद पडली होती आणि काही उतारू सावलीला आले होते. त्यातल्या एक साठीच्या बाई पाण्याची बाटली भरून वळल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

“तम्मा, इल्ली नोडु,” त्या म्हणाल्या, बाळा, इकडे बघ. मी वर बघितलं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मग कानडीतच विचारलं, “ही उजवी पापणी कधीपासून उतरलीय?”

मला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी पर्समधला छोटा आरसा पुढे केला. उजवी पापणी खरंच जराशी खाली आली होती आणि त्या डोळ्यातली बाहुली डाव्यापेक्षा बारीक दिसत होती. मी आरसा जवळ धरून पुन्हा बघितलं.

“मान दुखते का? मानेला मार लागला होता?”

मी दहा दिवसांत पहिल्यांदा खरं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “मी तीस वर्षं सिस्टर होते. आता इस्पितळात जायचं. मानेला हिसका देऊ नकोस.”

“दुपारी माझी लढत आहे, अक्का. संध्याकाळी जातो.”

“संध्याकाळी नाही.”

“सर वाट बघतील. माझं नाव दिलंय.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “भीती वाटतेय ना तुला?”

मी नाही म्हणून मान हलवणार होतो, पण हलवली नाही. “हो,” म्हणालो.

“मग बरं आहे. चल.”

आयुष्यभर मला सगळ्यांनी भिऊ नकोस असंच सांगितलं होतं. ‘बरं आहे’ म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. मी मुकाट्याने त्यांच्यामागून रिक्षात बसलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्या रिक्षावाल्याला सावकाश म्हणत होत्या आणि मी मनात दत्ताचं नाव घेत होतो. मागणं काहीच नव्हतं, नुसतं नाव.

तपासणीत कळलं की मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळीचं आतलं अस्तर फाटलं होतं आणि तिथं रक्ताची गुठळी धरू लागली होती. डॉक्टर मोजकं बोलणारे होते. “लढला असतास तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही,” ते म्हणाले, “पण याच कारणाने अर्धांग झालेली माणसं मी बघितली आहेत.” अप्पा माझ्या पायाशी उभे होते. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली.

रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली आणि मान स्थिर ठेवून पडून राहायला सांगितलं. ते दिवस फार कठीण गेले. तीन वर्षं अंगाला एकच शिकवण दिली होती, कुणी दाबलं की उसळायचं. इथं ज्याच्यावर उसळायचं असं समोर कुणी नव्हतं. पंख्याकडे बघत पडायचं, आणि आतली नळी आपली आपण सांधते आहे की नाही याची वाट बघायची. सर आले, बराच वेळ बसले आणि एवढंच म्हणाले, “मला सांगायचं होतंस रे.” बसू दारातच रडू लागला. त्याला जवळ बोलावून सांगितलं की चूक तुझी नव्हती, मी थोपटलं नव्हतं. ते बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरलं. मग त्या पलंगावर, पहिल्यांदाच, मी काही न धरता पडून राहिलो. जे व्हायचं ते महाराजांच्या हातात, असं नुसतं तोंडाने म्हणत होतो ते अंगाला समजलं.

काही महिन्यांनी पापणी बरीचशी सावरली. लढती मात्र कायमच्या सुटल्या. सुशीलाक्कांचा, म्हणजे त्या सिस्टरांचा, पत्ता मी इस्पितळातून मिळवला आणि आईला घेऊन धारवाडला गेलो. आईने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा त्या संकोचल्या. मी म्हणालो, “अक्का, त्या दिवशी तुमची बस तिथंच बंद पडली, ही महाराजांचीच कृपा.”

“बस बंद पडतातच रे,” त्या म्हणाल्या. “तुला धरून मी आजवर तिघांना असं अडवलंय. दोघांनी ऐकलं नाही. एक तर माझ्या भावाचाच मुलगा. तू का ऐकलंस, ते मला सांग.”

आई माझ्याकडे बघू लागली. मी खरं तेच सांगितलं, “भ्यालो म्हणून.”

अक्कांनी डोळे पुसले. “मग त्या भीतीला नावं ठेवू नकोस,” एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

आता माझी चाळिशी उलटली आहे. भीती अजूनही येते, मुलीच्या तापात, अप्पांच्या शेवटच्या दुखण्यात आलीच. पण हल्ली तिला घालवा असं मी देवाला सांगत नाही. ती आली की हात जोडतो आणि त्या पायरीवर अक्कांनी मारली तशी कुणीतरी हाक मारतंय का, ते ऐकत थांबतो.