हळू, आबा झोपल्यात

केरबा चौगुलेला गळा देताना देवानं हात आखडता घेतला नव्हता. कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा फुटबॉलचा सामना असला की केरबा कठड्याला धरून उभा राहायचा आणि पहिली आरोळी ठोकायचा. पंचाची शिट्टी ऐकू येईना म्हणून एकदा सामना थांबवावा लागला, असं लोक सांगतात. थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही.

आवाज असा व्हायला कारणही होतं. उमेदीची सगळी वर्षं गेली शिरोलीतल्या एका फौंड्रीत, भट्टीच्या पुढ्यात. तिथं हळू बोललेलं कुणाच्या बापाला ऐकू जायचं नाही. बहुतेक रातपाळीच. सकाळी घरी यायचा, भुवया भाजलेल्या, डोळे तांबडेलाल. दोन भाकऱ्या खाऊन जो आडवा व्हायचा तो पार दुपार कलल्यावर उठायचा. घर दीड खोलीचं. त्यामुळं आख्ख्या गल्लीत सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाचं घर सगळ्यात गप्प असायचं, आता हसा नाहीतर रडा. त्याची बायको आक्काताई कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करायची. दूधवाल्याला खुणेनं सांगायची. आणि पोरगी संयोगिता तोंड उघडायच्या आत ओठावर बोट ठेवायची. "हळू गं, आबा झोपल्यात."

हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं, की भिंतींना पाठ झालं असेल.

संयोगिता शिकली, पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली. आणि नोकरी करता करता तिनं गाणी केली. शाहूवाडीकडची तिची आजी जात्यावर ओव्या म्हणायची. त्या चालींवर संयोगितानं स्वतःचे शब्द बसवले, मागं गिटार घेतली, एकतारी घेतली, झाडावरनं निथळणाऱ्या पाण्याचा आवाज घेतला. अल्बमचं नाव ठेवलं 'दहिवर', म्हणजे पहाटेचं दव. एका सकाळी तो मोबाइलवर आला आणि आक्काताईनं गल्लीत साखर वाटली.

केरबानंही लावला. पहिलं गाणं सुरू झालं, म्हणजे सुरू झालं असं मोबाइल सांगत होता. वारा वाजत होता, कुठंतरी थेंब पडत होते. केरबानं मोबाइल हलवला, कानाला लावला, खिडकीत जाऊन धरला. "रेंज गेली वाटतं," म्हणाला आणि बंद करून चहा प्यायला गेला.

दुपारी पोरीचा फोन. "आबा, गाणी ऐकलीसा काय?"

"ऐकली की! समदी ऐकली! नाद खुळा!"

"कुठलं आवडलं?"

"कुठलं म्हंजे? एकापेक्षा एक हायती. जाळ अन् धूर संगटच!"

"बरं," संयोगिता म्हणाली.

त्या 'बरं'मध्ये जे होतं ते बहिऱ्यालाही कळलं असतं. पण केरबा तेव्हा तालमीकडं निघाला होता.

आता गंमत बघा. गाणी न ऐकलेला हा बाप गाण्यांखालचे लोकांचे अभिप्राय मात्र सकाळ-संध्याकाळ वाचायला लागला. सामन्याचा निकाल वाचावा तसा. कुणी लिहिलं होतं, 'पन्हाळ्यावर धुक्यात उभं राहिल्यासारखं वाटतं.' केरबा खूश. कुणी लिहिलं होतं, 'रोज झोपताना हेच लावते.' केरबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आमच्या पोरीच्या गाण्यानं झोप येती म्हंजे काय?" आक्काताई म्हणाली, "अवो, चांगलं म्हणत्यात ते." चौथ्या गाण्याखाली तर लोकांचा वादच रंगला होता. त्या गाण्यात कुणीतरी आगीतून आलेला माणूस होता. कुणी म्हणे तो सैनिक, कुणी म्हणे प्रियकर, कुणी म्हणे मेलेला नवरा. केरबानं ते सगळं अंगठ्यानं वर ढकललं. आपल्याला काय त्याचं.

आणि मग अरुणा नावाच्या कुणा बाईंनी लिहिलं. फोटोच्या जागी प्राजक्ताची फुलं. 'चौथं गाणं मी पुन्हा पुन्हा ऐकलं. गळा मोठा आहे, पण ही मुलगी प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज आवरून घेते. शेजारी कुणी झोपलंय आणि ते उठेल, अशी भीती असल्यासारखी. गाणं सुंदर झालंय, पण ऐकताना मला वाईट वाटतं. एकदा तरी तिनं मोकळ्या गळ्यानं गावं.'

केरबानं त्यातले तीनच शब्द वाचले. आवरून, भीती, वाईट.

"भित्री म्हणती? केरबा चौगुल्याच्या पोरीला भित्री म्हणती?"

पेठेत गोल खाल्ला की दिवस मावळायच्या आत फेडायचा असतो. समोरचा बरोबर खेळला का, हे कुणी विचारत नाही. आपल्यावर गोल झाला एवढं पुरतं. केरबा तडक तालमीत गेला. तालमीचं मोबाइलवरचं सगळं राजवर्धन बघायचा. सामन्याच्या जाहिराती, वाढदिवसाचे फोटो, दुसऱ्या पेठेशी भांडणं, सगळा कारभार त्याच्याकडं. त्यानं ते वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही बसा निवांत. संयूताई आपल्या पेठेची पोरगी हाय. इषय हार्ड करतो."

आणि केला. संध्याकाळपर्यंत 'दहिवर'खाली पेठ उतरली. 'नाद खुळा.' 'एकच नंबर.' 'काटा किर्र.' आगीची चित्रं, वाघाची चित्रं, तालमीचा झेंडा. आणि त्या बाईंच्या खाली वेगळा रतीब. 'तू गाऊन दाव की.' 'बाई, भाकरी थापा जावा.' 'कोल्हापुरात या, मग सांगतो भीती काय असती.' केरबानं स्वतः लिहिलं, 'तुमच्या कानात मळ साठलाय, आदी काडून घ्या.' लिहून झाल्यावर तो छाती फुगवून हसला. आक्काताईला वाचून दाखवलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी अरुणाबाईंचा अभिप्राय गेला होता. त्यांनीच काढून टाकला. नुसता तो नाही, संयोगिताच्या जुन्या गाण्यांखाली त्यांनी कधीकाळी लिहिलेलंही सगळं गेलं. केरबा तालमीत ओरडला, "पळाली!" पोरांनी टाळ्या पिटल्या. रविवारी संयोगिताचा कोल्हापुरात पहिला कार्यक्रम होता, एका छोट्या सभागृहात. तिथं हलगी न्यायची, असं तिथल्या तिथं ठरलं.

संयोगिताचा फोन आला तो आक्काताईला. केरबा अंगणात दाढी करत होता. पोरीचं हळू बोलणं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं, नुसतं आक्काताईचं "व्हय गं... व्हय..." ऐकू येत होतं. फोन ठेवून ती बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली.

"रविवारचा कार्यक्रम ती करत न्हाय."

"का?"

"लाज वाटती म्हणती."

"कुणाची?"

 आक्काताईनं हळूहळू सांगितलं. संयोगिताचं गाणं कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा या अरुणाबाई एकट्याच ऐकायच्या. ना ओळख, ना पाळख. प्रत्येक गाण्याला लिहायच्या, चुकलेलंही सांगायच्या. नवा अल्बम आल्यापासून पोरगी त्यांच्या चार ओळींची वाट बघत होती. त्या ओळी आल्या, आणि बाईंच्या अंगावर आख्खी पेठ सोडली गेली. आता बाकीचे लोक म्हणतात, ही भाड्यानं माणसं लावून स्वतःची वाहवा करून घेते.

"मी तिच्यासाठीच केलं न्हवं?" केरबाच्या गालावर साबण तसाच. "आपल्या लेकराला कोण बोललं तर गप बसू? चांगलं करायला गेलो तर—"

"एक विचारू?" आक्काताई म्हणाली. "तुम्ही त्यातलं एक तरी गाणं ऐकलंय काय?"

केरबानं वस्तरा पाण्यात बुचकळला. खूप वेळ बुचकळत राहिला.

त्या दुपारी आक्काताई देवळाला गेल्यावर त्यानं कानात वायरी घातल्या आणि कॉटवर आडवा झाला. पहिलं गाणं. वारा, थेंब. या वेळी त्यानं मोबाइल हलवला नाही. थोड्या वेळानं त्या थेंबांच्या मागून पोरीचा आवाज आला, आणि केरबाला पहिल्यांदा वाटलं, अरे, ही आपली संयू. दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं लागलं.

*हळू ये रे वाऱ्या, कडी नको वाजवू,*
*आगीतून आलाय, त्याला नको जागवू.*

सैनिक कुठला आणि प्रियकर कुठला! आग कुठली ते केरबाला सांगायला हवं होतं होय? त्याच भट्टीपुढं त्यानं भुवया जाळल्या होत्या. गाण्यात पुढं मिटलेली खिडकी होती, पाय न वाजवता चालणारी आई होती, आणि पोटात गाणं घेऊन दाराशी बसलेली एक पोर. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज उठायला जायचा आणि खाली बसायचा. त्या बाईंनी लिहिलं होतं अगदी तसाच.

आणि त्याला तो तांब्या आठवला. संयू सातवी-आठवीत असेल. शाळेत कसलासा गाण्याचा कार्यक्रम होता, ती उंबऱ्यापाशी बसून म्हणत होती. मोकळ्या गळ्यानं. रातपाळी करून आलेला केरबा झोपेतून उठला आणि उशाचा तांब्या भिंतीवर फेकला. पोरीला लागला नाही. पाणी सगळीकडं सांडलं. "कुणाच्या नावानं बोंबलतीस?" असं काहीतरी तो म्हणाला होता. तेव्हापासून घरात मोठ्यानं गाणं झालं नाही. केरबा ते विसरून गेला होता. विसरणं ज्यानं तांब्या फेकला त्याला सोपं असतं.

पोरीनं तांब्याबद्दल गाण्यात एक शब्द घातला नव्हता. वाऱ्याला सांगत होती, दमलाय तो, झोपू दे. केरबाला तेच सोसवेना. शिव्या घातल्या असत्या तर त्यानं उलट चार घातल्या असत्या आणि मोकळा झाला असता. त्यानं वायरी काढल्या आणि म्हातारं तोंड टॉवेलात खुपसलं. लाज वाटणं म्हणजे काय, हे त्याला आजवर नुसतं हरलेल्या सामन्यापुरतं माहीत होतं.

मग तो उठून बसला आणि एका बोटानं टायपायला लागला. 'मी संयोगिताचा बाप केरबा. अरुणाबाई बरोबर बोलल्या. शेजारी झोपलेला मानूस मीच. ती हळू गाती ती माज्यामुळं. मी गाणी न ऐकता तुमास्नी वाईट बोललो, पोरास्नी बोलाय लावलं. मला माफ करा. परत या.' चार वेळा वाचून त्यानं ते गाण्याखाली टाकलं.

त्यानं चष्मा पुसेपर्यंत खाली उत्तरं यायला लागली.

'नाद खुळा काका.' 'काकांचा इषय हार्ड.' 'जाळ अन् धूर संगटच.' आग, आग, वाघ, झेंडा.

केरबा पायात चप्पल सरकवून तालमीत पळाला. "आरं, वाचलंसा काय त्ये?"

"काका, लई भारी लिवलंय," राजवर्धन म्हणाला. "वाचाय टाइम न्हाय गावला, पर तुमचं नाव बघितलं आणि पोरास्नी सोडलं."

केरबानं तोंड उघडलं. पोरं मागं सरली, आता आरोळी येणार म्हणून. पण आरोळी आली नाही. वाचल्याशिवाय, ऐकल्याशिवाय पाठीशी उभं राहायचं, हे या पोरांना शिकवलं कुणी? कठड्याशी उभं राहून त्यानंच तर शिकवलं. "काडून टाका समदं," तो म्हणाला, इतकं हळू की राजवर्धननं "काय?" म्हणून विचारलं. "त्या बाईला लिवल्यालंबी काडा. आणि रविवारी हलगी न्हाय."

घरी येऊन तो परत कॉटवर पडला, कानात वायरी न घालता, डोळे मिटून. अरुणाबाई परत येणार नव्हत्या. ते त्याला कळत होतं. डोळे मिटले होते ते झोपेनं नाही, शरम वाटलेल्या माणसाला उजेड नको असतो. आक्काताई देवळातून आली तेव्हा तिचा फोन वाजत होता. तिनं पिशवी खाली ठेवली, फोन उचलला, स्पीकर लावला, तिला कानाला धरून ऐकू येत नाही हल्ली.

"आई, आबांनी ते काय लिहिलंय? तू वाचलंस?" पोरीचा आवाज भरून आला होता, चढला होता.

आक्काताईनं कॉटकडं बघितलं. नवऱ्याची रातपाळी सुटून वर्षं झाली होती, पण जिभेला कुणी सांगितलं नव्हतं. "हळू गं," ती पुटपुटली, "आबा झोपल्यात."

आणि पुण्यात बसलेली, तिशी ओलांडलेली, स्वतःच्या कमाईची ती बाई लगेच कुजबुजायला लागली. "बरं, बरं. मग नंतर करते."

केरबा ताडकन उठून बसला. "म्या जागा हाय! झोपलो न्हाय! संयू, बोल तू. मोठ्यानं बोल."

 आक्काताईनं फोन त्याच्या हातात दिला.

"आबा," संयोगिता म्हणाली, "गाणी ऐकलीसा?"

"आज ऐकली. त्या दिवशी खोटं बोललो."

"कुठलं आवडलं?"

"चौथं," केरबा म्हणाला. फोन दोन्ही हातांत धरून तो पुढं म्हणाला, "रविवारी तू गा गं. म्या आत येत न्हाय. भाईर थांबतो, पायरीवर."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आत बसा आबा," ती म्हणाली. "फक्त झोपू नका."

आणि तेवढंसुद्धा ती हळूच म्हणाली.