पाण्याची पाळी

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. दुष्काळाच्या वर्षी अंबाजोगाईच्या एका हॉटेलात काही विक्रेत्यांनी जोडप्यांना जेवायला बोलावलं होतं. केरळातल्या रिसॉर्टमधला दरवर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षांसाठी, ते विकत होते. बाई नवऱ्यासोबत शेजारच्या टेबलावर होत्या. वेटर जग घेऊन आला की त्या ग्लासावर तळहात ठेवत. आधीचं पाणी संपल्याशिवाय नवीन घेत नसत.

माझ्यासमोर करारपत्र होतं, शेजारी बायको. लग्नापासून मी तिला कुठंच नेलं नव्हतं. पतसंस्थेची कामं, भावाच्या अडचणी, काही ना काही निघायचंच. एकदा सही केली की हा सल जाईल असं वाटून मी पेन हातात घेतलं होतं.

"म्हंजी कॅनॉलच्या पाळीवानीच की," बाईंचा नवरा विक्रेत्याला म्हणाला. "आपला आठवडा दुसऱ्याला देता येतो का?"

"येतो ना, काका!"

बाई हसल्या. "मग नकाच घेऊ. पाण्याची पाळी बी ह्यांनी कदी सोताला ठिवली न्हाई. कुणी दारात आलं, की दिली. ह्यो आठवडा तरी आमाला कसा ऱ्हाईल?"

त्या हसतच नवऱ्याकडे बघत राहिल्या. नवऱ्यानं मान खाली घातली.

मी पेन ठेवलं. "उन्हाळ्यात आपण नक्की जाऊ," मी बायकोला म्हणालो.

ती माझ्याकडे बघून हसली. अगदी त्या बाईंसारखी.