कडब्याची गाडी

आज महाशिवरात्र. नातवानं पाट्यावर बडीशेप, मिरी आणि भांग वाटायला घेतली, तसा तो हिरवट, उग्र वास घरभर झाला.

एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास एका महाशिवरात्रीला असाच वास प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरच्या, गणपततात्यांच्या तोंडाला येत होता. मी सासऱ्यांबरोबर इंदापूरहून बारामतीला निघाले होते. तात्या दारूला कधी शिवत नसत. पण देवळातली भांग म्हणजे प्रसाद, तिला नशा कोण म्हणणार?

मावळतीचं ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. पुढं कडब्यानं भरलेली बैलगाडी चालली होती. कडब्यावर एक बाई आमच्याकडं तोंड करून बसली होती.

“तात्या, फुडं गाडी हाय,” सासरे म्हणाले.

“लांब हाय आबा अजून.”

मला तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या.

नंतर तिच्या प्रेताशेजारी धुळीत बसून तात्या एकच बोलत राहिले, “लांब हुती वो ती.” तेव्हा वाटलं, माणूस धडधडीत खोटं बोलतोय. आता वाटतं, त्यांना ती खरंच लांब दिसली असेल, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

“प्रसादच आहे गं आजी,” म्हणत नातू स्कूटरची किल्ली शोधतोय. ती माझ्या मुठीत आहे.