केळवणाचे गाल

माझ्या धाकट्या भावाला मूल होणार की नाही, याचा फैसला बहुधा त्याच्या केळवणांच्या दिवसांतच लागत होता, आणि आम्ही सगळे एकमेकांना टाळ्या देऊन हसत होतो.

लग्नाआधी नवरदेवाला घरोघरी जेवायला बोलवायचं, ही आम्हा रत्नागिरीकरांची जुनी हौस. गोडदेवला राहणाऱ्या मावशीकडे केळवण झालं आणि दुसऱ्या दिवशी स्वारीचा डावा गाल टम्म. संध्याकाळी उजवाही.

"मावशीचे मोदक अंगी लागले रे तुझ्या!" मी म्हटलं.

मोदक कसले! आमच्या शेजारच्या मुलांना पंधरवड्यापूर्वी गालगुंड झालं होतं, त्यांचाच प्रसाद. अंगात ताप फणफणत होता. आईने गालांना लेप लावला, वर हळद चढली, फोटोत सगळं झाकलं गेलं. पण चाल कशी झाकणार? घोड्यावरून नुकताच उतरल्यासारखा तो पाय फाकून चालत होता. मी भर हळदीत त्याची नक्कल केली. करवल्या लोळल्या, पाहुण्यांनी वन्समोअर दिला. तोही हसला, पण बसताना ओठ चावत होता. खाली काय सुजलंय, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. नवरदेव असं सांगतो होय?

मग वर्षं गेली. पाळणा हलेना. तपासण्या कुणाच्या? अर्थात भावजयीच्या! एकदा "थोडं इन्फेक्शन आहे" एवढं कानावर पडलं आणि आईने तिच्या हातात जंतुनाशकाची बाटली दिली. मोरी घासावी तशी ती बिचारी रोज त्या पाण्याने आतून धुवायची.

सिल्व्हर पार्कजवळच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, तिथे चांगले जंतूही असतात. राखणदार असतात ते. तुम्ही राखणदारच मारलेत, वाईटांना रान मोकळं. गर्भ राहायला त्याचाही अडथळा होऊ शकतो. आधी हे बंद." मग त्या भावाकडे वळल्या. "आणि तुम्ही? मोठेपणी गालगुंड वगैरे?"

सोबत गेलेली मी फिस्सकन हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"खाली सूज आली होती?"

भावाने होकारार्थी मान हलवली. बायकोकडे न बघता.

त्याची तपासणी झाली. शुक्रजंतू जेमतेम, शोधून सापडावेत इतके. "गालगुंडामुळेच, असं छातीठोक नाही सांगत," त्या म्हणाल्या, "पण त्या सुजेने असं होऊ शकतं. आहेत ते गोठवून ठेवू. पुढे मिळतीलच असं नाही. उद्याच या."

घरी आईने कॅलेंडर काढलं. पितृपक्ष!

"या पंधरवड्यात वंशाचं काम? काहीतरीच! घट बसू देत, मग जा."

"आई, डॉक्टर उद्या म्हणाल्यात," मी म्हटलं.

"त्यांना काय गं, त्यांना अमावस्यासुद्धा चालते."

"पंधरा दिवसांत काय बिघडतंय?" भाऊ पुटपुटला.

भावजयीने त्याच्याकडे पाहिलं. "बिघडलेलं सांगायला तुला नेहमीच उशीर होतो."

तरी थांबलो. घटस्थापनेला भाऊ नवा सदरा घालून आला. बाहेर गरब्याच्या मांडवात स्पीकर तपासत होते, हॅलो माईक टेस्टिंग. आत आम्ही तिघं ओळीने बसलेलो, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी.

डॉक्टरीणबाई बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

"आज एकही दिसला नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं. नमुना परत घेऊ, पण..."

तो "पण" त्यांनी तसाच सोडला.

भावाचा फोन वाजला. आई. तो उचलेना. भावजयीने उचलला, स्पीकरवर टाकला.

"झालं का गं? मुहूर्त कसा होता?"

"मुहूर्त उत्तम होता, आई."

एवढंच बोलून तिने फोन नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "पुढचं तू सांग."

"हॅलो?" आई म्हणत होती. "अरे, बोला ना कुणीतरी. हॅलो?"