कोरड्या लुगड्याचं वजन

मावशीने लुगडं फाडलं तेव्हा मी तिथेच बसले होते. तिच्या सासूबाईंचं, गडद कुंकवाच्या रंगाचं सुती नऊवारी. धुऊन धुऊन ते इतकं मऊ झालं होतं की फाडताना धड आवाजही आला नाही. त्या सासूबाईंची सातही बाळंतपणं सुखरूप झाली होती, म्हणून घरातल्या प्रत्येक बाळंतिणीसाठी त्या लुगड्यातला थोडा भाग काढला जायचा. आता उरलेलं सगळं अक्कासाठी होतं. अक्का म्हणजे मावशीची एकुलती एक मुलगी, चेन्नईहून पहिल्या बाळंतपणाला तंजावरला माहेरी आलेली.

"हॉस्पिटलात पॅड देतात, मावशी," मी म्हटलं.

"देऊ देत. ते टोचतात. आणि तुझ्या हॉस्पिटलाने सात मुलं काढली आहेत का?"

"सातशे काढली असतील," अक्का पलंगावरून म्हणाली. "पण अम्माच्या हिशेबात ती धरत नाहीत."

मी हसले आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं.

तेव्हा मी नर्सिंगच्या एम.एस्सी.ला होते आणि माझं संशोधन नेमकं याच गोष्टीवर होतं. बाळंतपणानंतर किती रक्त गेलं हे नर्स नुसतं बघून सांगते, ते कितपत खरं असतं? पाचशे मिलीच्या पुढे गेलं की धोका, हे आम्हाला पाठ असतं. पण पाचशे मिली रक्त कपड्यावर कसं दिसतं, हे डोळ्यांना शिकवावं लागतं. माझ्या जोडीला वर्गातली एक मैत्रीण होती. पापनाशमहून रोज बसने यायची आणि बसमध्ये सुरू झालेलं बोलणं वर्गात येऊन संपवायची. आम्ही पांढऱ्या पॅडवर मापाने लाल पाणी ओतून सराव केला. मग वॉर्डात एकाच पॅडकडे बघून, एकमेकींच्या चिठ्ठीकडे न बघता, दोघी आपापला आकडा लिहायचो. आकडे जुळायचे. गाईड मॅडम खूश होत्या.

दोन माणसांनी वेगवेगळं मोजून एकच सांगितलं, तर त्या मोजण्याला विश्वासार्ह म्हणतात. तो आकडा खरा आहे का, हा निराळा प्रश्न. त्याला वैधता म्हणतात. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ते परीक्षेत व्यवस्थित लिहिलंही होतं. घरी एकदा अप्पा सोडून सगळ्यांना सर्दी झाली असताना माझी अम्मा आणि मावशी दोघींनी रसम हुंगून "हिंग बरोबर पडलाय" असं एका सुरात सांगितलं होतं, आणि सर्दी नसलेल्या अप्पांनी पहिल्याच घासाला ताट लांब सरकवलं होतं. विश्वासार्हता आणि वैधता यांतला फरक त्या ताटाएवढाच आहे. पण वर्गात बसून मला तो कधी असा दिसला नव्हता.

अक्काला मुलगी झाली ती सकाळी, काही त्रास न होता. आम्ही ज्या वॉर्डात संशोधनाचं काम करत होतो, त्याच छोट्या हॉस्पिटलात. गाईड मॅडमनी मला आधीच बजावलं होतं, "ही तुझी बहीण. हिला संशोधनात धरायचं नाही. आपल्या माणसाकडे बघणारी नजर मोजायला चालत नाही." त्यामुळे त्या दिवशी मी फक्त नातेवाईक होते. खिडकीशी स्टुलावर बसून कुंभकोणमकडे जाणाऱ्या बसेस बघत होते.

अक्काला खोलीत आणल्यावर सिस्टर बाहेर जाईपर्यंत मावशी थांबली. मग तिने हॉस्पिटलचं पॅड काढून लुगड्याचा तुकडा घडी करून ठेवला. मी पाहिलं. कपडा स्वच्छ होता, उकळलेला होता, वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी माझी मैत्रीण बाळ बघायला आली. तेवढ्यात सिस्टरही आल्या. ब्लडप्रेशर घेतलं, ते ठीक होतं. कपडा बघायला चादर बाजूला केली आणि आमच्याकडे वळून त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "दोन एक्स्पर्ट समोर उभ्या असताना मी कशाला डोकं चालवू? सांगा बघू, सकाळपासून किती?"

गंमत म्हणून आम्ही तळहातावर पेनाने आकडा लिहिला आणि एकदमच हात उघडले. तिच्या हातावर तीनशे, माझ्याही हातावर तीनशे.

"बघ डी," मैत्रीण त्या तमिळ 'अगं'ने मला हाक मारत म्हणाली, "झोपेतसुद्धा जुळतं आपलं."

सिस्टर हसल्या, तीनशे लिहून घेतलं आणि गेल्या. मला हायसं वाटलं. दोघींचा आकडा एक असला की असंच वाटतं, कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं.

मग अक्काने जांभई दिली. थोड्या वेळाने आणखी एक, मग आणखी एक. जांभया झोपेच्या नव्हत्या. मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तशा होत्या. तिने पाणी मागितलं, प्यायली, पुन्हा मागितलं.

"पंखा लाव ना," ती म्हणाली.

पंखा चालू होता.

"बाळंतीण थकणारच," मावशी म्हणाली आणि पंखा उलट कमी केला, कारण बाळाला वारा लागत होता.

मी अक्काचा हात हातात घेतला. प्रेमाने घेतल्यासारखा घेतला आणि नाडी मोजली. ती भराभर पळत होती. पुन्हा मोजली, तशीच. हात गार आणि ओलसर होता. ओठांचा रंग शोधावा लागत होता. 

मैत्रिणीला मी व्हरांड्यात नेलं. "मला वाटतं तीनशे नाही. जास्त आहे."

"कशावरून?"

"चेहऱ्यावरून. नाडीवरून."

"बीपी चांगलं आहे की."

"तरुण बाईचं बीपी शेवटपर्यंत चांगलंच राहतं. आपल्याला शिकवलंय ना!"

  ती हळूच म्हणाली, "रागावू नकोस. तुझी बहीण आहे म्हणून तुला तसं दिसतंय. मॅडम हेच म्हणाल्या होत्या. मी परकी आहे आणि मलाही तीनशेच दिसलं. दोघींना सारखं दिसलं, डी."

 तिचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. मी रक्त मोजत होते की माझी भीती मोजत होते, हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. खाली जाऊन डॉक्टरांना काय सांगू? मला भीती वाटते, असं? भीतीला एकक नसतं. आणि मी डॉक्टरांशी आजवर "येस मॅडम"च्या पुढे एक शब्द बोलले नव्हते.

परत खोलीत आले तेव्हा मावशी कपडा बदलत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. वापरलेला तुकडा तिने डाग आत जाईल असा दुमडला, मग पुन्हा दुमडला, मग आणखी एकदा. वाणी पुडी बांधतो तशी घट्ट पुडी झाली. ती तिने पलंगामागे, भिंतीला टेकवलेल्या पिशवीत सरकवली. पिशवी फुगलेली होती.

"मावशी, त्यात किती आहेत?"

"हळू बोल. या काय दाखवायच्या गोष्टी आहेत? जावई आत-बाहेर करतायत."

"सिस्टरना दाखवल्यास?"

"त्यांना कशाला? घरी नेऊन मीच धुणार आहे."

मी पिशवीत हात घालून एक पुडी उचलली. वरून ती जवळजवळ कोरडी दिसत होती, कुंकवाच्या रंगाची, नेहमीच्या लुगड्यासारखी. पण ती दगडासारखी जड होती. त्या रंगाने रंग गिळला होता. आमचे डोळे पांढऱ्या पॅडवर शिकले होते आणि आम्ही बघितला होता तो एकच तुकडा, नुकता बदललेला. दोघींची चूक एकच होती, म्हणूनच दोघींचा आकडा एक होता.

 पिशवी उचलून मी बाहेर निघाले तशी मावशी ओरडली, "अय्यो, कुठे नेतेस ते? वेड लागलं का तुला?" मी थांबले नाही. थांबले असते तर तिला समजावत बसावं लागलं असतं, आणि समजावण्याएवढा आवाज माझ्यात उरला नव्हता.

व्हरांड्याच्या टोकाला बाळांचं वजन करायचा काटा होता. मैत्रिणीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिच्या तोंडून नुसताच "आं" असा आवाज निघाला. मग तिने न बोलता काट्यावर स्वच्छ प्लॅस्टिक अंथरलं. मी आधी सलाईनची एक भरलेली बाटली ठेवली, मग तिच्याशेजारी दुसरी. आकडा दुप्पट झाला. काटा निदान आमच्याशी खोटं बोलत नव्हता.

ओल्या कपड्यांचं वजन झालं. पण त्यात रक्त किती आणि लुगडं किती? मी धावत परत गेले. मावशीच्या गाठोड्यात दोन कोरडे तुकडे शिल्लक होते. मावशीने सगळे तुकडे हाताच्या मापाने, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत फाडले होते. एकावर एक ठेवले तर काठ जवळपास जुळत होते. दोन्ही कोरडे तुकडे काट्यावर ठेवले. फुलांच्या पुडीएवढंही वजन नव्हतं. ओले जितके होते तितक्यांचं कोरडं वजन वजा केलं. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. मी हिशेब केला, मैत्रिणीने वेगळा केला. आकडे पुन्हा जुळले.

अकराशेच्या वर.

"पळ," ती म्हणाली. "मी अक्काजवळ थांबते. पळ!"

खाली ओपीडी भरलेली होती. डॉक्टरांच्या दारावरच्या माणसाने हात आडवा केला. "टोकन?" त्याने विचारलं. मला टोकन या शब्दाचा अर्थ क्षणभर कळेना. त्याच्या हाताखालून वाकून मी आत शिरले. डॉक्टर एका म्हाताऱ्या बाईंशी बोलत होत्या. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.  शाळेत उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीला माहीत असतं, ती वेळ कशी लांबत जाते. पण वर अक्का जांभया देत होती.

"अकराशे मिली," मी इंग्रजीत म्हटलं. "वजन केलंय. वरच्या खोलीतली सकाळची बाळंतीण. चार्टवर तीनशे आहे, ते चूक आहे."

"कशाचं वजन?"

"कपड्यांचं. घरचे कपडे. कोरड्याचं वजन वजा केलंय."

"काटा बरोबर आहे?"

"सलाईनच्या बाटल्यांनी तपासला."

"त्यात लघवी नसेल कशावरून?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. "थोडी असेल," मी म्हटलं. "पण मॅडम, इतकी नाही. नाडी फार जलद आहे."

त्या उठल्या. खुर्ची मागच्या भिंतीवर आपटली. जिना चढताना त्या माझ्या पुढे होत्या, आणि डॉक्टर धावताना बघणं ही जगातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे.

त्यांनी अक्काच्या पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळून चेंडूसारखं घट्ट लागायला हवं. त्यांचा हात आत रुतला. मग सगळं एकदम सुरू झालं, इंजेक्शन, दुसऱ्या हाताला दुसरं सलाईन, रक्तासाठी चिठ्ठी घेऊन पळणारे जावई. वारेचा एक तुकडा आत राहिला होता. तो काढायला अक्काला आत नेलं आणि दार बंद झालं.

मावशी बाळ घेऊन बाकावर बसली होती. तिला तमिळ चांगलं येतं, पण त्या वेळी तिला सगळ्या भाषा विसरल्यासारखं झालं होतं. "काय म्हणाली ती?" ती मला मराठीत विचारत राहिली. "खरं सांग. मला खरं सांग."

"काय ते सापडलंय, मावशी. काढतायत."

"वाचेल ना?"

मी काही मोजू शकत नव्हते. दाराच्या आतलं काहीच मला दिसत नव्हतं. मी म्हटलं, "माहीत नाही." माझ्या आयुष्यात मी उच्चारलेला सगळ्यात अचूक शब्द तोच असेल, आणि तो उच्चारताना मला तो गिळून टाकावासा वाटत होता. मावशीने माझा हात धरला आणि सोडलाच नाही. बाळ झोपलेलंच होतं.

अक्काला परत आणलं तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. तिच्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली होती. या वेळी खाली पांढरं पॅड होतं आणि मावशीने त्याला हात लावला नाही. डॉक्टर जाताना मला म्हणाल्या, "दर वेळी वजन कर. तूच कर."

पहिलं पॅड मी काट्यावर ठेवलं. आकडा लहान होता. मैत्रिणीने बघितला आणि डोळे मिटून श्वास सोडला. "झालं डी. थांबलं."

खोलीतून अक्काचा आवाज आला, अगदी बारीक. "अगं, एवढी वजनं करतेस, तर माझं किती कमी झालं ते तरी सांग. आणि अम्मा, कॉफी."

मावशी एकाच वेळी रडायला आणि कॉफीची वाटी-पेला, डबरा-टंबलर, शोधायला लागली. मैत्रीण हसत आत धावली. मीही जाणार होते. पण काट्यावरचा तो लहान आकडा मला फार आवडला होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी पॅड उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि सलाईनची बाटली पुन्हा त्यावर ठेवली.