अर्जातलं पहिलं नाव

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मी कमीत कमी चारशे मुलांना एक जूनला जन्माला घातलं. त्यात माझा स्वतःचा मुलगाही आला.

मी जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक. नोकरीची पहिली सोळा वर्षं अकोले तालुक्यातल्या डोंगरात, दोन शिक्षकी शाळेवर गेली. शाळा उघडली की आईबाप पोराला हाताला धरून आणायचे. जन्मतारीख विचारली तर "भाताच्या लावणीत झालंय" किंवा "त्या साली आमची म्हैस मेली" अशी उत्तरं यायची. पहिलीत घ्यायचं तर जूनमध्ये पाच वर्षं पूर्ण हवीत. मग पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचो. हात कानाला पोचला की रजिस्टरात एक जून लिहून मोकळा. सगळ्याच गावांतले गुरुजी असं करायचे, त्यामुळे आमच्याकडे एक जूनला घरोघर वाढदिवस असतात.

माझ्या मुलाची जन्मतारीख मला चांगली ठाऊक होती, कारण त्या दिवशी हिला जीपमधून दवाखान्यात नेणारा मीच होतो. एकोणीस नोव्हेंबर. पण चार वर्षांचा झाल्यापासून तो माझ्या वर्गात येऊन बसायचा, पाढे म्हणायचा, आणि त्याला आणखी एक वर्ष घरी ठेवणं माझ्या जिवावर आलं होतं. लिहिलं एक जून. म्हणजे आईच्या पोटात चौथा महिना चालू असताना मी त्याला कागदावर जन्माला घातलं. तेव्हा मला आपण फार हुशारीचं काम केलं असं वाटलं होतं.

हे सगळं मी विसरलोही होतो. निवृत्तीनंतर आम्ही राहुरीत घर बांधलं. मुलगा इंजिनिअर होऊन नगरच्या एमआयडीसीत लागला. सून राहात्याची. शेतकी शिकलेली, इथल्याच एका माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. दोघांच्या मनात कॅनडाला कायमचं राहायला जायचं होतं. आधी मला राग आला, मग वाईट वाटलं, मग सवय झाली. सवय झाली याचं कारण म्हणजे दोन वर्षं घरात दुसरा विषयच नव्हता. नवीन पलंग घ्यायचा का? कॅनडाचं कळू दे. नातवंडाचं काय? ते तर कोणी उघड विचारायचंही नाही, पण उत्तर तेच होतं. आमचं अख्खं घर एसटीची वाट बघत फाट्यावर उभं राहिल्यासारखं झालं होतं.

एक दिवस मी मुलाला म्हटलं, "हा गुणांचा काय प्रकार आहे तो मला नीट समजावून सांग. जन्मभर गुणच दिलेत मी."

त्यानं छापील तक्ता आणून दिला. मी चष्मा लावून परीक्षेची योजना वाचावी तसा वाचला. वयाला गुण, शिक्षणाला गुण, इंग्रजीच्या परीक्षेला गुण, कामाच्या अनुभवाला गुण. जोडीदाराच्या शिक्षणाचे आणि इंग्रजीचेही थोडे गुण. सगळ्यांची बेरीज करून जगभरच्या अर्जदारांची रांग लावायची. मग दर फेरीला रांगेत एक रेघ मारायची. रेघेच्या वर असतील त्यांना पुढचा अर्ज भरायचं बोलावणं. रेघ प्रत्येक फेरीला वेगळी. म्हणजे यात पास होण्याचे गुण ठरलेलेच नाहीत. अशी परीक्षा मी घेतली असती तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मला घरी पाठवलं असतं.

आणि वयाचं तर उलटंच. तिशीला टेकलं की दर वाढदिवसाला पाच गुण कापायचे.

"वाढदिवसाला कापतात?" मी विचारलं.

"हो पप्पा. मागच्या फेरीत मी चार गुणांनी राहिलो. रेघ हळूहळू खाली येतेय, म्हणजे जमेल कदाचित. पण एक जूनच्या आत आलं पाहिजे. नंतर आणखी पाच गेले की अवघड आहे."

एक जून ऐकल्यावर मी चष्मा काढून तक्ता खाली ठेवला. ती तारीख कुणी लिहिली ते मुलानं बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. नोव्हेंबरपर्यंत त्याला साडेपाच महिने आणखी मिळाले असते. ते महिने मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पेनानं काढून घेतले होते.

मी गप्प बसणारा माणूस नाही. दुसऱ्याच दिवशी आमच्या चर्चमध्ये गेलो आणि पाळकसाहेबांना बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. आम्ही दोघांनी मिळून पानं उलटली. सापडलं. मुलाचं नाव, आईबापाचं नाव, जन्म एकोणीस नोव्हेंबर, खाली तेव्हाच्या पाळकांची सही. मला रडूच आलं. पाळकसाहेबांनी सहीशिक्क्यानिशी दाखला दिला. तो मी बायबलमध्ये घालून घरी आणला, म्हणजे घडी पडायला नको.

नगरला हे अर्ज भरून देणारा एक तरुण सल्लागार होता. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे त्याच्याकडे जाऊन आलो होतो; या वेळी मुलगा आणि मी दोघंच गेलो. दाखला मी मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवला. त्यानं तो वाचला, परत माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे विचारलं, "सर, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं सर्टिफिकेट, डिग्री, आधार, पासपोर्ट. सगळ्यावर काय तारीख आहे?"

"एक जून."

"मग हा कागद घरीच ठेवा. एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा दिसल्या की ते अख्ख्या फाईलवर संशय घेतील. आणि शाळेच्या रजिस्टरातली तारीख आता कोण बदलून देणार? ती लिहिली कुणी?"

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हणालो, "होते एक गुरुजी."

एप्रिल लागला होता. पुढच्या फेरीत रेघ दोन गुणांनी खाली आली, म्हणजे अजून दोन कमी. त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा एकानं वर गेली. मुलाचं जेवण कमी झालं. सून कामावरून आली की त्याच्या चेहऱ्याकडे बघून तशीच आत जायची. मी कॅलेंडरकडे बघणं टाळायला लागलो. कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगलेलं असल्यामुळे पाणीसुद्धा मागून प्यायचो.

याच दिवसांत आमचं रेशनकार्ड फाटून हातात आलं. धान्य आम्ही घेत नाही, पण पत्त्याचा पुरावा म्हणून कार्ड लागतं. म्हणून नव्यासाठी अर्ज केला होता. ते आणायला मी आणि ही तहसील कचेरीत गेलो. कार्ड उघडलं तर कुटुंबप्रमुख म्हणून हिचं नाव, वर फोटोही हिचाच. माझं नाव खाली, दुसऱ्या ओळीत, नातं: पती.

मी खिडकीतल्या बाईंना म्हणालो, "मॅडम, चूक झालीय. कुटुंबप्रमुख मी आहे."

त्या न बघताच म्हणाल्या, "आता घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचंच नाव वर असतं, काका. नियम आहे."

मी बाहेर येऊन चिडचिड करत राहिलो. पेन्शन माझी, घर माझ्या नावावर आणि मी दुसऱ्या ओळीत! ही डोंगरातल्या शेतकऱ्याची लेक, चौथी शिकलेली. रसवंतीच्या बाकावर बसून तिनं पदरानं घाम पुसला आणि मला म्हणाली, "अवो, कागदावर माजं नाव वर आलं म्हून तुमचं काय कमी झालं? घर त्येच, मान्सं तीच. जित्तं काम व्हतंय तित्तं ज्याच्या नावानं व्हतंय त्याचं नाव लिवावं. तुमी लई नावाला जपता."

मी उसाचा रस पीत होतो. पेला तसाच हातात राहिला. कारण मला एकदम सल्लागाराचा पहिला प्रश्न आठवला. पहिल्या भेटीत, दोन वर्षांपूर्वी, त्यानं विचारलं होतं, मुख्य अर्जदार कोण? आणि आम्ही सगळ्यांनी एका आवाजात मुलाचं नाव सांगितलं होतं. तो घरचा कर्ता. दुसरं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

घरी येऊन मी तक्ता काढला आणि कोऱ्या कागदावर नव्यानं बेरीज मांडली. मुख्य अर्जदार सून, जोडीदार मुलगा. सून अठ्ठावीसची, जन्म राहात्याच्या दवाखान्यातला, तारीख खरी. वयाचे पूर्ण गुण. इंग्रजी तिचं मुलापेक्षा वरचं, मिशनच्या शाळेत सिस्टरांनी घोकून घेतलेलं. आणि तक्त्यात खाली बारीक अक्षरांत होतं की इंग्रजी फार चांगलं असेल तर शिक्षणाला आणि अनुभवाला जोडून वेगळे गुण मिळतात. ते गुण फक्त मुख्य अर्जदाराच्या इंग्रजीवर. आम्ही तिचं इंग्रजी जोडीदाराच्या खात्यात टाकून जवळजवळ वाया घालवलं होतं. मी बेरीज तीनदा केली. मुलापेक्षा बेचाळीस गुण जास्त येत होते.

संध्याकाळी सून आली. तिनं स्कूटी लावून हेल्मेट काढायच्या आत मी तिच्या हातात कागद दिला. "हे बघ. माझं काही चुकत असेल तर सांग."

तिनं उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं ती आनंदानं ओरडेल. ती आत गेली आणि आपली डायरी घेऊन आली. एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिच्या बारीक, सुबक अक्षरात तीच बेरीज होती. तेच रकाने, तेच गुण. वर तारीख मागच्या नाताळच्या आठवड्यातली.

"मी तेव्हा जेवताना म्हटलं होतं, पप्पा," ती म्हणाली. "माझं नाव आधी टाकलं तर काय होईल ते बघू या का, असं."

"मग मी काय म्हणालो?"

ती हसली. "तुम्ही म्हणालात, ही काय लग्नपत्रिका आहे का, नाव मागं-पुढं करायला? अर्ज घरच्या कर्त्याच्या नावानं जातो. मग सगळे हसले. मलाही वाटलं, माझंच कुठंतरी चुकत असेल. तुमची बेरीज कधी चुकत नाही असं सगळे म्हणतात ना."

आठवलं मला. शब्दन् शब्द आठवला, आणि आपल्या विनोदावर आपणच किती वेळ हसलो तेही. तिनं बरोबर उत्तर काढून पुढं धरलं होतं आणि मी वही न तपासताच बाजूला सारली होती. वर्गात असं करणाऱ्या मास्तरांची मी कायम निंदा केली. मी तिला म्हणालो, "चुकलो गं, बाई. फार चुकलो." ती म्हणाली, "असू द्या पप्पा, चहा ठेवते." पण तिचे डोळे भरले होते.

पुढचं सगळं भराभर झालं. मुलाला सांगितलं तेव्हा तो आधी तक्ता बघत बसला, मग बायकोकडे बघून म्हणाला, "तू दुसऱ्यांदा का नाही बोललीस?" तिनं चहाचे कप उचलले आणि आत नेले. सल्लागारानं फोनवर कपाळाला हात लावला असावा. तिची इंग्रजीची परीक्षा आणि शिक्षणाची तपासणी जोडीदार म्हणून आधीच झालेली होती. फक्त कामाच्या अनुभवाचं पत्र हवं होतं. ते प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी चार दिवसांत दिलं. तिच्या नावानं नवीन अर्ज रांगेत लागला.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी मी दारातल्या कडीपत्त्याला पाणी घालत असताना, आतून हिचा आवाज आला, "अवो, हिकडं या! पोरगी रडाया लागलीय!" मी पाईप तसाच टाकून पळालो. सून ओट्याला टेकून मोबाईल धरून रडत होती आणि मुलगा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होता. बोलावणं आलं होतं. रेघेच्या चांगलंच वर. हिनं देवाचे आभार मानले, मग सुनेच्या तोंडात साखर घातली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता पिया पानी आपल्या हातानं." दोन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवशी आम्ही चौघं पोटभर जेवलो. अजून कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, बरंच बाकी होतं. पण छातीवरचा दगड उतरला होता, आणि पोरं लांब जाणार याचं वाईट वाटायलाही मला आता मोकळीक मिळाली.

एक जून आला. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सकाळपासून सुरू झाले. गुरुजी, तुम्ही दिलेला वाढदिवस, आशीर्वाद द्या. मुलाचे पाच गुण कमी झाले आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. संध्याकाळी सुनेनं केक आणला. केक कापून झाल्यावर मी तिला म्हणालो, "तुझी ती डायरी आण जरा."

तिनं आणली. मी कपाटातून लाल पेन काढलं. ते सुकलं होतं, दोनदा घासावं लागलं. नाताळच्या आठवड्यातलं पान उघडून मी एकेका ओळीसमोर बरोबरची खूण केली. शेवटी बेरजेखाली पैकीच्या पैकी गुण दिले आणि शेरा लिहिला: उत्तर बरोबर. तपासायला उशीर झाला.

खाली सही केली आणि तारीख घातली, एक जून. या खेपेला ती खरी होती.