चारूच्या उंचीचा आरसा

बाथरूमच्या दाराशी पाट टाकून चारुलता बसली आहे. शेजारी कुणाकडून तरी मागून आणलेलं ड्रिल आणि स्टीलचा दांडा. तिचा नवरा सुहास खुब्याचं ऑपरेशन करून उद्या घरी येतोय. त्याला धरून उठायला कमोडशेजारी दांडा हवा. सुतार आज येतो, उद्या येतो करत राहिला, तेव्हा तिनंच मनावर घेतलं. दांडा तिनं भिंतीला धरूनही पाहिलाय, पण टाइलला तडा गेला तर, या धास्तीनं हात चालत नाही. दुपार टळत आलीय. भिंतीला डोकं टेकून ती डोळे मिटते. टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज हळूहळू लांब जातो.

"फार वर लावायला निघालीस तू," आतून कुणीतरी म्हणतं.

मनोरमाबाई उभ्या आहेत, तिच्या सासूबाई. पदर खोचलेला, अंबाड्यात पेन्सिल. त्या आता नाहीत हे चारूला ठाऊक आहे, तरी तिला नवल वाटत नाही. या घरातल्या खुंट्या, चपलांचं कपाट, सगळं त्यांच्याच हातचं.

त्या आधी लेकाची चौकशी करतात. फार दुखतंय का, झोप लागते का. वॉकर धरून चालतोय, चारू सांगते.

सांगता सांगता बाथरूमची भिंत बाहेरच्या दाराजवळची भिंत होते आणि चारू नवी नवरी. उंचनिंच मनोरमाबाई आरसा उतरवून खाली ठोकतायत. मग खुंट्या, मग टॉवेलची दांडी. ठेंगण्या सुनेला टाचा उंचवायला लागू नयेत म्हणून. कुणाला काही न बोलता.

"आई, त्या आरशात तुम्ही जन्मभर वाकून केस विंचरलेत."

"वाकायला काय लागतं?"

"मला मात्र त्या दिवशीच कळलं, हे घर माझं आहे म्हणून."

मनोरमाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवतात. हात गार आहे, ओलसर, नुकता धुतल्यासारखा.

आता त्या दोघी पुन्हा बाथरूममध्ये आहेत. त्या चारूला कमोडवर बसवतात, सुहास बसेल तशी, एक पाय पुढे करून.

"डोळे मीट. आता ऊठ. हात आपसूक कुठे गेला बघ, दांडा तिथंच."

तिचा हात गार टाइलवर पडतो. त्या पेन्सिलीनं तिथं फुली मारतात. फुलीवर चिकटपट्टी लाव, म्हणतात, आणि ड्रिल अगदी हळू फिरव, टाइल तडकत नाही.

चारू काहीतरी म्हणायला वळते, तर मान भिंतीला घासते आणि तिला जाग येते. पाण्याचा आवाज थांबलाय. बाथरूममध्ये कुणी नाही.

ती आत जाते. कमोडशेजारच्या टाइलवर, तिनं दांडा धरून पाहिला होता त्याच्या बरंच खाली, पेन्सिलीची फुली आहे. ती बोट लावते. बोटाला शिसं लागतं.